तोंडाला पाणी

तार तुटली की दोन्ही टोकं जिभेला लावायची,
चिमटीत पीळ द्यायचा, माग पुन्हा सुरू.
तेवीस वर्षं हेच.
किती चादरींत माझी थुंकी विणली गेली,
पांघरणाऱ्यांना काय ठाऊक.
अण्णा तर धोट्याच्या भोकाला ओठ लावून
सूत ओढायचे आत.
खोकत गेले.

म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"आज रक्ताबरोबर थुंकीपण द्या,"
तेव्हा मला हसूच आलं.
ही तर आमच्या घरची चीज.

भार्गवीची बोटं बघा एकदा.
नऊ वर्षांची पोर, दिवसाला चार-पाच टोचण्या,
शेंड्यांवर बारीक काळे ठिपके.
डावी करंगळी शिल्लक ठेवते ती,
रविवारसाठी.

सिव्हिलचा दुसरा मजला. एप्रिल.
पंखा गरम हवा इकडची तिकडे ढकलतोय.
भिंतीवर पाटी: येथे थुंकू नये, दंड दोनशे रुपये.
पाटीखालीच आम्हाला बसवलं.
पोरीनं मोठ्यानं वाचली, विचारलं,
"नान्ना, दंड कोण भरणार?"

नळी एवढीशी. रेघेपर्यंत भरायची.
आणि हिचं तोंड कोरडं ठाक.
साखर चढली की असंच होतं,
जीभ टाळूला चिकटते, सुतावर खळ वाळावी तशी.
काही खायचं नाही, प्यायचं नाही,
चूळ भरून झालीय, आता नुसतं जमवायचं.
पाच मिनिटं. दहा.
करजगीचा एक पोरगा नळी भरून मोकळा झाला,
पाय हलवत बसला.
हिच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडात नाही.

मग मी तिला कैरी सांगितली.
दिली नाही, सांगितली.
अशोक चौकातली गाडी, तोतापुरी,
उभी चिरलेली, फोडी फुलासारख्या उघडलेल्या,
वर मीठ, मिठावर लाल तिखट,
ते भेगांतून खाली उतरत जातं,
हातातला कागद ओला होतो,
आणि पहिला दात लागतो ना,
तेव्हा कानामागं जी कळ येते
"बास, नान्ना!"
तिनं नळी ओठांना लावली.
करजगीच्या पोराची आईसुद्धा
तिकडं तोंड करून आवंढा गिळत होती.

बाईंनी नळी खिडकीच्या उजेडात धरली.
वर फेस, खाली दोन बोटं पाणी.
म्हणाल्या, "आमचं अजून शिकणंच चाललंय.
रक्तातली साखर थुंकीत उतरते,
पण थोडी, आणि मागाहून.
कधी मेळ बसतो, कधी नाही.
यावर इन्सुलिन ठरवायचं नाही.
घरी बोट टोचणं चालूच ठेवा."
"कधी सुटंल ते?" मी विचारलं.
त्या खोटं बोलल्या नाहीत.
पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

वर्गात हिच्या बाटलीला कुणी तोंड लावत नाही,
लागण होईल म्हणतात.
तेच उष्टं इथं हातमोजे घालून उचललं,
बर्फाच्या डब्यात नीट उभं केलं,
वर चिठ्ठी: २७, भा. म्या.
पहिल्यांदा ही चक्कर येऊन पडली,
तेव्हा आईनं मीठ-मिरच्या उतरवून
तीनदा थू थू केलं होतं दारात.
त्या थुंकीला कुणी नंबर दिला नव्हता.

संध्याकाळी भाकरीआधी मशीन काढलं.
बुधवार होता.
तिनं डावी करंगळी पुढं केली.
मी काही बोललो नाही.
दोनशे चौदा.
तिनंच वहीत लिहिलं, चार जरा वाकडा आला,
खोडून पुन्हा काढला.

रात्रपाळीला पाचव्या मागावर तार तुटली.
टोकं जिभेला लावली.
तोंड सुकलेलं, पीळच बसेना.
मुकादम बघत होता.
मग मी डोळे मिटले,
आणि मलाच कैरी सांगितली.